एसी आणि पत्राकामातली शिकाऊ उमेदवारी: आधी कंत्राट क्रमांक, मग पाना

एसीच्या दुकानात वर्षभर हेल्पर म्हणून राबलेल्या मुलाला आणि कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी पुरी केलेल्या मुलाला काम सारखंच येत असेल. पण रेल्वेची किंवा गोदीची जाहिरात निघते तेव्हा दुसऱ्याकडे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र असतं आणि पहिल्याकडे मालकाच्या लेटरहेडवरचा अनुभवाचा दाखला. दाखला द्यायला मालक नेहमी तयार असतो, कारण त्याला काही खर्च पडत नाही. म्हणून हा लेख कागदापासून सुरू होतो आणि हत्यारांकडे नंतर वळतो.

कायदा काय देतो, काय देत नाही

आधार आहे शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१. २०१४ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, २०१९ मध्ये नियम बदलले. आता ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के, आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही येतात. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला हे ऐच्छिक आहे. नवख्यांच्या कामाची खरी गोष्ट इथे आहे: तुमच्या गावाजवळचा सात-आठ माणसांचा डक्टचा, म्हणजे एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचा, कारखानाही नोंदणी करून उमेदवार घेऊ शकतो. ‘ते मोठ्या कंपन्यांचं काम’ असं मालक म्हणाला तर त्याला ही तरतूद ठाऊक नाही, एवढंच.

शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो. त्याला पीएफ आणि ईएसआय लागू होत नाही. पण कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते, आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, परवानगीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मात्र कंपनीवर नाही. ‘वर्षानंतर कायम करतो’ हे तोंडी ऐकलं असेल तर ते तिथेच सोडून द्या.

विद्यावेतनाचे २०१९ च्या नियमांतले किमान आकडे असे: पाचवी ते नववी उत्तीर्ण ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी किंवा आयटीआय ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवी ९,०००. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १५ टक्के. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे आकडे ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली आहे, तेव्हा सही करण्याच्या दिवशी पोर्टलवर लागू असलेला आकडा पाहूनच सही करा.

पहिल्या महिन्यात बरीच मुलं एका गोष्टीने घाबरतात. विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून देतं आणि तो थेट उमेदवाराच्या खात्यात पडतो. ७,००० चे २५ टक्के १,७५० होतात, पण मर्यादा १,५०० ची. म्हणजे कंपनीकडून ५,५०० आले आणि १,५०० वेगळ्या तारखेला आले तर कंपनीने पैसे कापलेले नसतात. ते १,५०० आलेच नाहीत, तर दोष बहुधा बँक खात्यात असतो. त्याकडे पुढे येऊ.

ट्रेड निवडताना

आयटीआयमध्ये या क्षेत्राचे दोन सरळ रस्ते आहेत. रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग टेक्निशियन हा दोन वर्षांचा ट्रेड दहावी उत्तीर्णांसाठी आहे. शीट मेटल वर्कर हा एक वर्षाचा. पहिल्याला गर्दी असते, दुसऱ्याकडे मुलं नाक मुरडतात. आमच्या मते हे उलट व्हायला हवं. गॅस भरणारे गल्लोगल्ली आहेत, पण नकाशा वाचून पत्र्यावर बिनचूक आखणी करणारा माणूस डक्टच्या ठेकेदाराला शोधून सापडत नाही.

‘हीटिंग’ हा स्वतंत्र धंदा आपल्या हवामानात फारसा नाही. आहे तो हीट पंपात, हॉटेल-हॉस्पिटलच्या गरम पाण्यात आणि बॉयलरमध्ये. बॉयलरचा रस्ता वेगळा: बॉयलर अटेंडंटची उमेदवारी आणि मग बाष्पके संचालनालयाची परीक्षा. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा, पण एसीच्या उमेदवारीतून तो परवाना मिळत नाही.

आणखी एक गफलत. पोर्टलवर ‘निर्देशित’ आणि ‘ऐच्छिक’ असे दोन प्रकारचे ट्रेड दिसतात. निर्देशित ट्रेडच्या शेवटी अखिल भारतीय परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र असतं. ऐच्छिक ट्रेड कंपनी स्वतः किंवा क्षेत्र कौशल्य परिषद आखते, मुदत सहा महिन्यांपासून ३६ महिन्यांपर्यंत. एसी सर्व्हिसच्या खासगी नोकरीला ऐच्छिक चालून जातो. सरकारी भरतीत मात्र ट्रेडचं नाव अक्षरशः जुळवून पाहतात. दोन्ही ठिकाणी काम तेच असेल, तर निर्देशित घ्या.

नोंदणीचा क्रम

१. कागद जमवा: आधार (चालू मोबाइल क्रमांकाशी जोडलेलं), दहावीची गुणपत्रिका, आयटीआयची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला.

२. नाव तपासा. आपल्याकडे सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुधा नाव आधी, आणि कधी वडिलांचं नावच गायब. पोर्टल आधारवरून नाव उचलतं. क्रम वेगळा असला तर निभावतं, पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडे-तिकडे असलं तर परीक्षेच्या वेळी आणि प्रमाणपत्रावर त्रास होतो. आधार दुरुस्ती आधी करून घ्या.

३. बँकेत जाऊन नेमका प्रश्न विचारा: ‘माझं हे खातं डीबीटीसाठी आधारला मॅप आहे का?’ केवायसीला आधार दिलेलं असणं वेगळं आणि अनुदान जमा होण्यासाठी मॅपिंग असणं वेगळं. मॅपिंग एका वेळी एकाच खात्याचं असतं. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं मॅप असेल, तर सरकारचे १,५०० तिकडे जातात किंवा परत फिरतात.

४. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर उमेदवार म्हणून नोंदणी, ईमेलवरून खातं सक्रिय करणं, आधार पडताळणी, शिक्षण भरणं. ईमेल स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. वर्षानंतर प्रमाणपत्र उतरवून घेताना तोच लागतो.

५. ट्रेड आणि जिल्हा टाकून संधी शोधा, अर्ज करा. त्याच वेळी जिल्ह्याच्या आयटीआयशी जोडलेल्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात, म्हणजे बीटीआरआयमध्ये, प्रत्यक्ष जा. कोणत्या आस्थापनेत जागा भरायच्या राहिल्या आहेत ते तिथल्या माणसांना पोर्टलपेक्षा लवकर कळतं.

६. कंपनीचा प्रस्ताव आला की स्वीकारा. कंत्राट तयार होतं, त्यावर तुमची, मालकाची आणि तुम्ही १८ च्या आत असाल तर पालकाची सही. कंपनीने कंत्राटाचा तपशील सात दिवसांत पोर्टलवर चढवायचा असतो.

७. कंत्राट क्रमांक मिळाल्याशिवाय स्वतःला शिकाऊ उमेदवार समजू नका. गेटपास, युनिफॉर्म, हजेरीचं कार्ड यातलं काहीही म्हणजे नोंदणी नव्हे. कंत्राट उघडून चार गोष्टी वाचा: ट्रेडचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विद्यावेतन, प्रशिक्षणाचं ठिकाण. तारीख दोन महिने पुढची पडली असेल तर ते दोन महिने धरले जात नाहीत. हे पहिल्या आठवड्यात सांगितलं तर दुरुस्त होतं, शेवटच्या महिन्यात कोणी हात लावत नाही.

आयटीआय उत्तीर्णांना मूलभूत प्रशिक्षणातून सूट असते. थेट दहावीवरून आलेल्यांना ते आधी करावं लागतं.

सरकारी जागांच्या जाहिराती वेगळ्या निघतात. मुंबईचं नौदल गोदी प्रशिक्षण विद्यालय आणि ओझरचं हिंदुस्थान एरोनॉटिक्स यांच्या याद्यांत एसी आणि शीट मेटल हे दोन्ही ट्रेड येत आले आहेत. माझगाव डॉकमध्ये आयटीआय झालेल्यांच्या गटात एसीचा ट्रेड असतो. मध्य रेल्वेची भरती मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर अशा विभागांत होते आणि निवड दहावी व आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर लागते. म्हणजे आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी ‘पास झालं की बस’ म्हणणाऱ्याचा पत्ता तिथेच कट होतो. रेल्वेतच उमेदवारी केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात.

मुलाखतीत तुम्ही विचारायचे प्रश्न

इथे कामाचं वाटप कसं होतं? वर्षभर फक्त एसीचे फिल्टर धुवायचे आहेत, की इन्स्टॉलेशन, ब्रेझिंग (तांब्याचे पाइप तापवून डाग देऊन जोडणं), इलेक्ट्रिकल, चिलर असं फिरवतात? व्हॅक्यूम पंप आणि नायट्रोजनचा सिलिंडर साइटवर जातो का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसला, तर ते दुकान तुम्हाला चुकीचं काम शिकवणार.

एसी: फ्लेअर, नायट्रोजन, व्हॅक्यूम

एक दीड टनी, आर-३२ गॅसचा स्प्लिट एसी बसवताना काय चुकतं ते बारकाईने पाहू, कारण पहिल्या तीन महिन्यांत हेच काम हाती येतं.

पाइप कापला की आतली कड रीमरने साफ करायची, आणि ती पाइपचं तोंड खाली करून. वर तोंड ठेवलं की तांब्याचा कीस आत पडतो आणि पुढे एक्स्पान्शनच्या बारीक वाटेत अडकतो. मग नट पाइपवर चढवायचा आणि नंतर फ्लेअर करायचा, म्हणजे पाइपचं तोंड कर्ण्यासारखं फुलवायचं. हा क्रम प्रत्येक जण एकदा तरी विसरतो आणि छान झालेला फ्लेअर कापून टाकतो. फ्लेअरच्या तोंडाला कॉम्प्रेसर ऑइलचा थेंब, नट आधी हाताने तीन-चार आटे, मग दोन पाने: एक धरायला, एक फिरवायला. दोन सुती (पाव इंची) नटला साधारण १५ न्यूटन-मीटर, तीन सुतीला ३५ च्या आसपास, चार सुतीला ५५ च्या आसपास टॉर्क लागतो. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत असतो. ‘अजून थोडा आवळ’ म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली फ्लेअर पातळ होऊन चिरतो. तो त्या दिवशी गळत नाही, पुढच्या उन्हाळ्यात गळतो.

ब्रेझिंग असेल तर पाइपमधून नायट्रोजनची मंद धार चालू ठेवा. नाहीतर आतून काळी पापडी धरते आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की ती सुटून गाळणीत बसते. दाबचाचणीसाठी नायट्रोजनच, रेग्युलेटर लावून, यंत्रावरच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाच्या आत. ऑक्सिजन कधीही नाही. ऑइल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, तिथे दुसरी संधी मिळत नाही.

दुपारी ३५ अंशांना ३० बारवर सोडलेली लाइन संध्याकाळी २८ अंशांना २९.३ दाखवेल. ही गळती नाही, थंड झालेला वायू आकसला. तापमान न लिहिता फक्त दाब लिहिणारा माणूस मग रात्रभर साबणाचे बुडबुडे शोधत बसतो.

आता व्हॅक्यूम. मॅनिफोल्डचा, म्हणजे दाब बघायच्या जोडगेजचा, निळा काटा तळाला टेकला की बरेच जण पंप बंद करतात. पण ५,००० मायक्रॉन आणि ५०० मायक्रॉन (मायक्रॉन हे इथे व्हॅक्यूम मोजायचं एकक, आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम चांगला) यातला फरक त्या काट्यावर दिसतच नाही. वातावरणाच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही तो कमी आहे. म्हणून मायक्रॉन गेज लागतो. ५०० च्या खाली आणा, व्हॉल्व्ह बंद करा, दहा मिनिटं बघा. आकडा थोडा वर जाऊन थांबला तर आत ओल आहे, पंप पुन्हा चालवा. थांबतच नसेल तर गळती आहे, नायट्रोजनकडे परत चला.

व्हॅक्यूमऐवजी गॅस सोडून हवा ‘पर्ज’ करण्याची सवय जुन्या आर-२२ च्या काळातली आहे. आर-३२ पेट घेऊ शकतो, आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. शिवाय आत राहिलेली ओल ऑइलशी मिळून आम्ल तयार करते आणि ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला खातं. पंप-डाउन करताना, म्हणजे लाइनमधला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेताना, तेच भान हवं: गळक्या लाइनवर कॉम्प्रेसर चालू ठेवला तर तो हवा ओढतो, आणि ऑइलच्या वाफेसह दाबली गेलेली हवा डिझेल इंजिनासारखी पेटते. अशा अपघातात कॉम्प्रेसर फुटून माणसं दगावलेली आहेत.

आणि गॅस भरायचा तो वजनकाट्यावर, ग्रॅममध्ये. पाइप ‘गार लागेपर्यंत’ भरणं हा अंदाज झाला.

पत्रा: एका डक्टचा हिशेब

आधी गेज. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे पहिल्या दिवशी डोक्यात बसवा. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याच्या आयताकृती डक्टसाठी भारतीय मानकाचा ढोबळ नियम असा: मोठी बाजू ७५० मिमीपर्यंत २४ गेज म्हणजे ०.६३ मिमी, १,५०० पर्यंत २२ गेज म्हणजे ०.८, २,२५० पर्यंत २० गेज म्हणजे १ मिमी, त्यावर १८ गेज.

समजा ४०० × २५० चा, १,२०० मिमी लांबीचा डक्ट बनवायचा आहे. पत्रा चार बाय आठ फुटी, म्हणजे १,२२० × २,४४०. चारही बाजू मिळून १,३०० मिमी. पिट्सबर्ग लॉकला, म्हणजे एका कडेच्या खिशात दुसरी कड बसवून ठोकायच्या सांध्याला, एका कडेला खिसा साधारण २८ मिमी आणि दुसऱ्या कडेला उभी पट्टी ७ मिमी. तुमच्या लॉक-फॉर्मिंग मशीनचा नेमका आकडा टाकाऊ तुकड्यावर काढून घ्या. एकाच तुकड्यात केलं तर १,३३५ मिमी लागतात. २,४४० मधून एकच डक्ट निघतो आणि १,१०५ चा तुकडा उरतो.

तेच दोन ‘एल’ मध्ये करा. प्रत्येक एलला ४०० + २५० + २८ + ७ = ६८५ मिमी. एका पत्र्यातून तीन एल निघतात, उरतात ३८५ मिमी. म्हणजे दोन पत्र्यांत सहा एल, तीन डक्ट. एकसंध पद्धतीत त्याच दोन पत्र्यांत दोनच. सांधा एकाऐवजी दोन होतो, हातकाम वाढतं, आणि साइटवर उरलेल्या मोठ्या तुकड्यांतून एल्बो-ट्रान्झिशन (वळणाचे आणि आकार बदलणारे भाग) काढायचे असतील तर एकसंधच बरं पडतं. ठेकेदार हाच हिशेब मनात करत असतो. १,२२० च्या बाजूला दोन्ही टोकांचे १०-१० मिमी अँगलच्या फ्लँजवर मोडले की निव्वळ १,२०० लांबी मिळते.

आखताना दोन्ही एलचा खिसा ४०० च्या कडेला आणि पट्टी २५० च्या कडेला ठेवा. मग दोन्ही तुकडे हुबेहूब सारखे येतात आणि एक अर्धा फिरवला की बसतो. एकाचा खिसा चुकून २५० कडे गेला, तर जुळवताना खिशासमोर खिसा येतो आणि पत्रा भंगारात. नवखे हातात कातर घेण्याची घाई करतात. कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा छोटा नमुना दोन मिनिटांत घडी घालून पाहिला असता तर ही चूक झालीच नसती. मोठ्या बाजूंवर क्रॉस-ब्रेक (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखी हलकी घडी) मारायला विसरलात, तर पंखा सुरू-बंद होताना डक्ट डब्यासारखा वाजतो आणि तक्रार एसीवाल्याकडे जाते.

पत्रा उचलताना चामडी हातमोजे घाला, ड्रिल मशीनवर मात्र काढा. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की बोट ओढलं जातं. जीआय पत्र्याला बंद खोलीत वेल्डिंग करू नका. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. आधी सांध्यापासचं जस्त घासून काढा आणि धूर बाहेर खेचणारा पंखा लावा.

वही आणि परीक्षा

रोजची नोंद ठेवा: तारीख, काम, यंत्र, हत्यार, आकडे. ‘एसी सर्व्हिस केली’ ही नोंद नव्हे. ‘दीड टन आर-३२, व्हॅक्यूम ४२० मायक्रॉन, दहा मिनिटांनी ४६०, सक्शन फ्लेअर पुन्हा केला’ ही नोंद. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री पुस्तकापेक्षा हीच वही कामाला येते. आठवड्याच्या आठवड्याला पर्यवेक्षकाची सही घ्या. वर्षाच्या शेवटी एकदम घ्यायला गेलात तर तो बदली होऊन गेलेला असतो.

महिन्यातून एकदा पोर्टलवर लॉगिन करून हजेरी आणि विद्यावेतनाची नोंद बघा. विद्यावेतन थकलं किंवा ट्रेडबाहेरचं काम सतत दिलं जात असेल, तर आधी कंपनीच्या प्रशिक्षण अधिकाऱ्याला लेखी द्या आणि प्रत ठेवा, मग बीटीआरआयमधल्या सहाय्यक शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जा. न सांगता घरी बसू नका. कंत्राट मोडण्याचा दोष तुमच्यावर आला, तर प्रशिक्षणाचा खर्च तुमच्याकडून मागता येतो. दोष मालकाचा ठरला, तर भरपाई त्याने द्यायची असते.

मुदत संपत आली की परीक्षेचा अर्ज कंपनीमार्फत भरला गेला का ते स्वतः विचारा. हॉल तिकिटावर नाव, ट्रेड आणि केंद्र तपासा. लेखी परीक्षा संगणकावर होते, प्रॅक्टिकल केंद्रावर. एसीच्या मुलांनी स्वतःच्या हाताचं फ्लेअरिंग टूल आणि रीमर, पत्राकामाच्या मुलांनी स्वतःचा स्क्राइबर, कंपास आणि स्टीलची पट्टी केंद्रावर चालते का हे आधी विचारून ठेवावं. केंद्रावरच्या पट्टीचे पहिले पाच मिलिमीटर बऱ्याचदा झिजलेले असतात. तिच्यावर मोजायची वेळ आलीच तर शून्यापासून न मोजता १०० पासून मोजा.